रसाच्या आदल्या दिवशी

सकाळी ६

आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण शिजत नाही, आणि मागच्या पडवीत बिअरच्या रिकाम्या बाटल्या मात्र शंभराच्या घरात. मे महिन्यात रत्नागिरी-पावस रस्त्यावरच्या आमच्या वाडीत याचं कुणाला नवल वाटत नाही. हापूसचा रस गणपतीपर्यंत आणि पुढेही टिकवायचा, तर तो बाटलीत भरून, बूच मारून, उकळत्या पाण्यात ठेवायचा, ही इथली जुनी रीत. त्यासाठी बिअरच्या बाटलीला तोड नाही. काच जाड, तोंड बुचाचं, आणि ऊन सोसायची सवय आधीपासूनची, कारण बिअरही बाटलीत भरून झाल्यावर साठ अंशांच्या आसपास तापवतात. विकायच्या रसाला आम्ही नव्या बाटल्या आणतो. या जुन्या बाटल्या घरासाठी आणि मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांसाठी.

रस उद्या. आज फक्त बाटल्या. पूर्वी हे काम मेअखेरीस निघायचं. पण २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, तेव्हापासून सासूबाई पावसाचा भरवसा धरत नाहीत.

पहिलं काम निवडण्याचं. भंगारवाल्या चाचांनी पोत्यातून दिलेली प्रत्येक बाटली आधी नाकाशी न्यायची. शिळ्या बिअरचा वास चालतो, तो धुतल्यावर जातो. रॉकेलचा किंवा फिनेलचा आला तर बाटली बाद. मग तोंडाच्या कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं म्हणजे कपचा उडालाय. तिथे बूच बसणार नाही. आत विडीचं थोटूक दिसलं की तीही बाजूला. चाचा सगळ्या परत घेतात, कुरकुर करत का होईना.

सकाळी ७.३०

मागच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढलाय. मुंबईहून सुट्टीला आलेला पुतण्या विचारतो, "काकू, विहिरीच्या पाण्यात भिजत ठेवल्या तर नाही का सुटणार लेबलं?"

नाही सुटणार, आणि त्यात लेबल करणाऱ्याची हुशारी आहे. बिअरची बाटली तासन् तास बर्फाच्या पाण्यात उभी राहते. तिथे लेबल गळून पडलं तर कंपनीचं नाव जातं. म्हणून पुष्कळ ठिकाणी कागद चिकटवायला दुधातल्या केसिनपासून केलेला गोंद वापरतात. गार पाण्याला तो दाद देत नाही, पण ऊन पाणी आणि क्षार एकत्र आले की हार मानतो. कारखान्यात परत आलेल्या बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून काढतात. घरी कॉस्टिकच्या वाटेला जायचं नाही, कातडी भाजते. आपला धुण्याचा सोडा पुरे. आमचं माप बादलीला मूठभर. आई, म्हणजे सासूबाई, सांगतात की त्यांच्या लहानपणी चुलीतली राख पाण्यात कालवून वरची निवळी घेत. तोही क्षारच.

भिजवण प्लास्टिकच्या पिंपात. ॲल्युमिनियमचा टोप घेतला तर सोडा टोपालाच खातो. बाटल्याही आधी कोमट पाण्याने भरून घ्यायच्या, नाहीतर गार काच ऊन पाण्यात टाकली की तडकते, आणि रिकामी बाटली पिंपात तरंगते ते वेगळंच.

सकाळी ९

सुटायला लागली. साधी कागदी लेबलं आपणहून वर येतात, पिंपात हात फिरवला की अख्खीच्या अख्खी हाताला लागतात. 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी', मद्यपानाचा इशारा, सिंह, गरुड, मुकुट, सगळं तपकिरी पाण्यावर तरंगतंय. पुतण्या ती पडवीच्या कठड्यावर वाळत घालू लागला, तर आजेसासूबाई आतून ओरडल्या, "अरे, ते फोटो काय घरात लावायचेत? टाक ते!"

कागद निघाला तरी काचेवर गोंदाची बुळबुळीत साय उरते. तिला नारळाच्या सोडणाचा काथ्या. तारेची घासणी नको, काचेवर ओरखडे येतात, आणि उकळताना ओरखड्याची काच दगा देण्याची भीती. काथ्या ओला करून बाटली आडवी धरायची आणि गोल फिरवत घासायची. बोटाखाली काच कुरकुरली की झालं.

एवढा आटापिटा नुसत्या शोभेसाठी नाही. उद्या या बाटल्या मोठ्या पिंपात उकळणार. लेबल ठेवलं तर त्याचा तिथे लगदा होतो, सगळ्या बाटल्यांना फासला जातो आणि बुचाच्या दात्यांत जाऊन बसतो. आणि दुसरं कारण आजेसासूबाईंचं. भाद्रपदात झाडावर आंबा नसतो, तेव्हा गणपतीच्या नैवेद्याला हाच रस. "देवापुढे जायची बाटली आहे. एक अक्षर राहता कामा नये."

दुपारी १२

आता हट्टी मंडळी. पहिला प्रकार मानेवरचा चंदेरी कागद. त्यावर धातूचा मुलामा, पाणी आत शिरतच नाही. सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि पुन्हा ऊन सोड्यात टाकायचा.

दुसरा प्रकार प्लास्टिकचं स्टिकर. त्याला सोडा कळत नाही. बाटलीत ऊन पाणी भरून पाच मिनिटं थांबायचं, गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून सावकाश सोलायचं. घाई केली की वरचा पापुद्रा हातात आणि चिकटा काचेवर. त्या चिकट्यावर खोबरेल तेलात खाण्याचा सोडा कालवून लावायचा, अर्ध्या तासाने पुसायचा. शेजारच्या काकू रॉकेल सुचवतात. सकाळी ज्या वासापायी बाटल्या परत केल्या, तोच आता हाताने लावायचा?

तिसरा प्रकार काचेवरच छापलेल्या अक्षरांचा. ती जात नाहीत. काचेतून उठवलेलं कंपनीचं नावही जात नाही. छापलेल्या बाटल्या फोडणीच्या तेलाला ठेवतो. उठवलेल्या नावाला आजेसासूबाईंनी माफी दिली आहे, कारण ते त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

दुपारी २

जेवणं झाली. उन्हात बाहेर काही करायची सोय नाही, म्हणून सावलीत बुचांचं मशीन पुसून तेल देतो. पुतण्याने एक बूच घेऊन दाते मोजले. एकवीस. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली या बुचाचं पेटंट घेतलं, तेव्हा दाते चोवीस होते. बुचं मात्र दर वर्षी कोरी आणायची. वापरलेलं बूच दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही.

पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक हीच लेबलं अशीच काढत बसतात. तिकडे १९७८ सालच्या कायद्याने घरच्या बिअरला मुभा मिळाली. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. तेव्हा कष्ट तेच, बाटली तीच, आत हापूस.

आणि बाटलीत बंद करून उकळण्याची युक्ती बिअरवाल्यांचीही नाही. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने फळं, भाज्या, मटण काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं घट्ट बसवून उकळलं आणि १८१० साली त्यावर पुस्तक छापलं. पाश्चरचा तेव्हा जन्मही व्हायचा होता, त्यामुळे पदार्थ का टिकतो हे अपेरला ठाऊक नव्हतं. आमच्या आजेसासूबाईंनाही नव्हतं. दोघांनाही एवढं माहीत होतं की बाटली अस्वच्छ असेल तर उकळून उपयोग नाही. आंब्याचा रस मुळात आंबट, त्यामुळे उकळत्या पाण्यात अर्धा तास त्याला पुरतो. पण तळाशी वाळलेली बुरशी राहिली, तर गणपतीपर्यंत बाटली बूच उडवून दाखवते.

दुपारी ४

विसळण. लांब दांड्याचा ब्रश आत घालून तळ घासायचा, मग तीन पाणी. सोड्याचा हात बुळबुळीत लागतो, तो लागेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. शेवटच्या पाण्यात चार आमसुलं. आंबटपणाने उरलासुरला सोडा मरतो. सोड्याचं पाणी न्हाणीघरामागच्या अळवात सोडायचं नाही, अळू जळतं. ते जांभ्याच्या पाखाडीवर ओततो.

संध्याकाळी ६.३०

धुतलेल्या बाटल्या फळीवर पालथ्या. उतरत्या उन्हात आई एकेक उचलून डोळ्यासमोर धरतात. तपकिरी काचेतून उजेड सरळ आला तर पास. कुठे ढगाळ दिसलं तर बाटली मुकाट माझ्याकडे परत येते. आजही पाच-सहा आल्या. एकीच्या खांद्यावर गोंदाची नखाएवढी कड होती. मला दिसली नव्हती, त्यांच्या अंगठ्याला लागली.

रात्री ८.३०

आढी उघडली. पेंढा बाजूला केला की वासावरूनच कळतं उद्याचं. पिकले-न पिकले वेगळे करायचे. गरातला साका बाहेरून दिसत नाही, तो उद्या कापल्यावरच कळणार, म्हणून हिशेबापेक्षा दोन डझन जास्त काढून ठेवले. लहान बाटल्या मुंबईला, दोन माणसांच्या घरात मोठी फोडली की संपता संपत नाही. ६५० मिलिलिटरच्या इथे, कारण गणपतीत पंगत असते.

त्या पंगतीत रस वाढताना पाहुणे विचारतील, कुठल्या कलमाचा, कधी उतरवलेला, साखर घातली का. बाटल्या कुणी घासल्या, हे विचारायची वेळ फक्त रस फसफसला तरच येते. ती येऊ नये म्हणून आजचा दिवस.