कणगी भरणारे जंतू

चक्का बांधला की फडक्यातून निवळी गळते. ते नुसते पाणी नव्हे. तिच्यात दुधातली साखर असते. दुग्धशाळांतून आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतून असे सकस सांडपाणी टाक्याच्या टाक्या भरून निघते. ते तसेच ओढ्यात सोडले तर जंतू त्यावर तुटून पडतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. अशाच जंतूंकडून प्लॅस्टिक करून घेता येते, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का?

१९२६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लम्वान्य यांनी एका जंतूच्या पेशीतला एक पदार्थ ओळखला. त्याचे नाव पॉलिहायड्रॉक्सिब्यूटिरेट. आपण पीएचबी म्हणू. शेतकरी सुगीत कणगी भरतो, तसे हे जंतू अन्न मुबलक असताना पीएचबीचे कण पेशीत साठवतात. गंमत अशी, की हा पदार्थ सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो व साच्यात घालता येतो. म्हणजे प्लॅस्टिकच की! शिवाय मातीत गाडले तर दुसरे जंतू ते खाऊन टाकतात.

पण सांडपाण्यात जंतूंच्या जाती अनेक. त्यांतले साठवणारे निवडायचे कसे? नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी सोपी, पण जरा निर्दय युक्ती योजली. आधी हवाबंद टाकीत सांडपाणी आंबवून त्यातल्या साखरेची आम्ले करायची. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल त्यांतलेच. मग ते पाणी, हवा खेळवलेल्या दुसऱ्या टाकीत, जंतूंना एकदम वाढायचे. थोड्याच वेळात फन्ना! त्यानंतर कित्येक तास कडकडीत उपास. मग टाकीतला काही भाग काढून टाकायचा आणि पुन्हा पंगत. ज्याने कणगी भरली तो उपासातही वाढत राहतो. बाकीचे मागे पडून हळूहळू वाहून जातात. अशा फेऱ्या चालू ठेवल्यावर टाकीत एकाच जातीचे राज्य झाले. तिचे नाव प्लास्टिसिक्युम्युलान्स ॲसिडिव्होरान्स.

आता या निवडक जंतूंना तिसऱ्या टाकीत आम्ले भरपूर द्यायची, नायट्रोजन मात्र जेमतेम. नायट्रोजनावाचून प्रथिने बनत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही. खाल्लेले बरेचसे कणगीत जाते. प्रयोगशाळेत कोरड्या वजनाच्या जवळजवळ ९० टक्के पीएचबी साठले. एवढा लठ्ठपणा दुसऱ्या कुठल्या प्राण्याला झेपला असता? पुढे वेघेल गावी चॉकलेटच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रयोग झाला, तेथेही हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. पेशी फोडून पीएचबी बाहेर काढायला रसायने आणि इंधन लागते, म्हणून हे प्लॅस्टिक खनिज तेलापासून केलेल्या प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते. शिवाय निव्वळ पीएचबी ठिसूळ असते. त्यावर मात्र तोड आहे: जंतूंच्या जेवणात प्रोपिऑनिक आम्ल वाढवले की त्यांच्या कणगीत अधिक लवचीक प्लॅस्टिक साठते.