उमेदवार कोणी ठरवावा?

मतदार हा लोकशाहीतील राजा, असे निवडणुकीच्या दिवसांत आपण हटकून ऐकतो. परंतु या राजापुढे जे ताट वाढले जाते ते कोणाच्या स्वयंपाकघरात शिजते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उमरेडच्या मतदारास तरी तो विचारण्याचा पुरता अधिकार आहे.

२०१९ साली या मतदारसंघाने काँग्रेसचे श्री. राजू पारवे यांना विधानसभेत पाठविले. मार्च २०२४ मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, श्री. शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला आणि लगोलग रामटेक लोकसभा मतदारसंघात त्या पक्षाची उमेदवारी मिळविली. दोन वेळा निवडून आलेले त्याच पक्षाचे खासदार श्री. कृपाल तुमाने यांस बाजूस सारले गेले. काँग्रेसने श्रीमती रश्मी बर्वे यांना उभे केले. त्यांचे जातवैधता प्रमाणपत्र रद्द झाल्याने अर्ज बाद ठरला आणि पर्यायी म्हणून नाव दिलेले त्यांचे पती श्री. श्यामकुमार बर्वे उमेदवार झाले व निवडूनही आले. प्रमाणपत्र रद्द करणारा निर्णय पुढे उच्च न्यायालयाने फिरविला. या व्यक्तींच्या गुणावगुणांशी आम्हास येथे कर्तव्य नाही. प्रश्न एवढाच की, या साऱ्या उलथापालथीत उमरेडच्या साध्या पक्षसभासदास कोणी काही विचारले काय?

विचारण्याची सक्तीच नाही, हे खरे दुखणे. ज्याच्या हाती ‘एबी फॉर्म’ तो पक्षाचा उमेदवार. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो कागद पोचला की झाले. तो कोणत्या मार्गाने मिळाला याची विचारपूस करण्याचे निवडणूक अधिकाऱ्यास कारण नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेला प्रतिनिधी पक्षादेशास बांधला गेला. म्हणजे तिकीट देणाऱ्याची सत्ता तिकीट देऊन संपत नाही. ती सभागृहातही चालते.

यावर उपाय शोधण्याचा एक यत्न शेजारच्या वर्धा मतदारसंघात झाला होता. २०१४ साली काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडले. महाराष्ट्रात वर्धा व लातूर त्यांत होते. वर्ध्यात तत्कालीन खासदारांचे चिरंजीव निवडले गेले, निवडणुकीत पराभूत झाले आणि काही महिन्यांतच पितापुत्र भारतीय जनता पक्षात दाखल झाले. प्रयोग तेथेच थांबला. परंतु दोष मतदानाचा नव्हता. मत देणारे होते पदाधिकारी व निवडक प्रतिनिधी. सामान्य सभासद दाराबाहेरच राहिला. वतनदारांच्या सभेने वतनदार निवडला, यात नवल ते काय?

अमेरिकेचा दाखला येथे हमखास दिला जातो. १९६८ साली एकही प्राथमिक निवडणूक न लढविता हंफ्रे हे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्या संतापातून तेथील नियम बदलले. तथापि तेथेही सारे आलबेल नाही. २०२० मध्ये आयोवातील निकालच कित्येक दिवस लागेना; २०२४ मध्ये प्राथमिक निवडणुका जिंकलेल्या बायडेन यांनी जुलैत माघार घेतली आणि पक्षप्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उभे केले. पैसा व प्रसिद्धी यांचा तो खटाटोप आपण जसाच्या तसा आणावा, असे आम्ही म्हणणार नाही.

अधिक साधा मार्ग जर्मनीचा आहे. तेथे पक्षाच्या सभासदांनी किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानानेच उमेदवार ठरवावा, असा कायदा आहे. आपल्या विधी आयोगानेही १९९९ च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली होती. ती धूळ खात पडली आहे.

पक्ष ही खासगी संस्था आहे, तिच्या घरात कायद्याने का डोकवावे, असा आक्षेप निघेल. परंतु राखीव चिन्ह शासनव्यवस्था देते, उत्पन्नावर करमाफीही देते. सवलती सार्वजनिक आणि निवड मात्र खासगी, हा न्याय कोठला? प्रत्येक मतदारसंघातील सभासदांची यादी आधी प्रसिद्ध व्हावी, त्यांचे गुप्त मतदान व्हावे आणि त्याचा दाखला जोडल्याखेरीज ‘एबी फॉर्म’ ग्राह्य धरू नये. एवढ्याने घराणेशाही व पैसा नाहीसा होईल असे नव्हे. पण त्यांना उमरेडच्या सभासदापुढे निदान एकदा हात जोडावे लागतील. आज ते हात केवळ मुंबई-दिल्लीकडे जोडले जातात.