मिरजेची संगीतसभा

मिरजेची संगीतसभा ही सांगली जिल्ह्यातील मिरज या ऐतिहासिक शहरात मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसानिमित्त भरणारी शास्त्रीय संगीताची सभा आहे. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या स्मरणार्थ ती होते.

पार्श्वभूमी

मिरज ही पटवर्धन संस्थानिकांची राजधानी होती. येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी गायनाचे शिक्षण घेतले. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातील कैरानाचे. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. दर्ग्यात गायनसेवा केल्यावर त्यांचा प्लेग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. १९३७ मध्ये दक्षिण भारतात प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्यात करण्यात आले.

स्वरूप

ही स्पर्धा नव्हे. युरोपातील युरोव्हिजन गीतस्पर्धेत (आरंभ १९५६) गुणांवरून विजेता ठरतो आणि यजमान शहर बहुधा दरवर्षी बदलते. मिरजेत परीक्षक वा क्रमांक नसतात. कलावंत दर्ग्यात हजेरी लावण्याच्या भावनेने गातात-वाजवतात.

वाद्यनिर्मिती

मिरजेतील शस्त्रांना धार लावणारे शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यनिर्मितीकडे वळले. तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर परिसरातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या प्रसारामुळे हाताने घडवलेल्या तंबोऱ्यापुढे आव्हान उभे राहिले आहे. त्यामुळे गायनपरंपरेबरोबरच या कारागिरीचे जतन हाही मिरजेच्या सांगीतिक वारशाचा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.