शेकरू उडत नाही, वटवाघूळ आंधळं नाही

शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तर वटवाघूळ अनेकांच्या लेखी अपशकुनी. एकाचं कौतुक, दुसऱ्याची किळस. दोन्हींमागे ऐकीव माहितीच जास्त.

‘शेकरू म्हणजे उडती खार.’ नाही. उडती खार वेगळी. ती निशाचर असते आणि पायांमधला कातडीचा पडदा ताणून तरंगत खाली येते. शेकरू दिवसा वावरतं. त्याला पडदा नसतो, ते सहा मीटरपर्यंत झेप घेतं, एवढंच. पंख मारून उडणारे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. ‘शेकरू भीमाशंकरलाच दिसतं’ हेही अर्धवट: ते सह्याद्रीत दक्षिणेपर्यंत आहे, मेळघाटातही आहे.

‘वटवाघूळ म्हणजे पंखवाला उंदीर.’ उंदराचं नातेवाईक शेकरू आहे. दोघेही कुरतडणारे, जन्मभर दात वाढणारे. वटवाघूळ वंशावळीत कुत्र्या-घोड्यांच्या बाजूला बसतं. शेकरू तर वटवाघळापेक्षा माणसालाच जवळचं!

सगळ्यात जास्त अफवा वडा-चिंचेवर लटकणाऱ्या मोठ्या फळवटवाघळाबद्दल. पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर, वजन मात्र दीड किलोच्या आसपास, म्हणजे शेकरूएवढंच. ते आंधळं नसतं. प्रतिध्वनीवरून वाट काढणं हे किडे खाणाऱ्या वटवाघळांचं तंत्र. हे मोठ्या डोळ्यांनी आणि नाकाने फळ शोधतं. ‘ते तोंडानेच विष्ठा टाकतं’ ही समजूत कुठून आली असेल, ते त्याला खाताना पाहिलं की कळतं. फळ चावून ते रस गिळतं आणि चोथा थुंकतं. लघवीला तर अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरून चक्क सरळ होतं.

उपयोगाचा हिशेब मांडला तर वटवाघूळच सरस, असं माझं मत. शेकरू बऱ्याच बिया चावून फस्त करतं. वड-उंबराच्या बारीक बिया वटवाघळाच्या पोटातून दूरवर जाऊन पडतात. तरीही फळवटवाघळं 2022च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव कायद्याच्या उपद्रवी यादीत होती.

निपाहची भीती मात्र निराधार नाही. या वटवाघळांत तो विषाणू आढळतो. म्हणून उष्टी, चावलेली फळं खाऊ नका, मेलेल्या-जखमी वटवाघळाला हात लावू नका. पण त्यासाठी झाडावरची वसाहत फटाके लावून उधळू नका.