छतासाठी घरगुती एलईडी पॅनेल : उजेड मोठा, जोखीम छोटी

पावसाळ्यात कौलारू घरांतील खोल्या भरदुपारीही काळवंडतात. मध्यभागी एखादा झगझगीत बल्ब लावला, तर डोळे दिपतात आणि कोपरे अंधारातच राहतात. सारा उजेड एकाच बिंदूतून येत असल्याने सावल्या गडद पडतात. तोच उजेड विस्तीर्ण पृष्ठभागातून झिरपला, की ढगाळ आकाशाखाली जाणवते तशी मृदुता खोलीत येते. छतावरील एलईडी पॅनेलचे तत्त्व एवढेच आहे. थोडे हस्तकौशल्य असणाऱ्यास ते घरी तयार करता येते. मात्र त्यामागचे हिशेब नीट मांडायला हवेत.

चार फूट लांब आणि तितक्याच रुंद पॅनेलचे उदाहरण पाहता येईल. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एलईडी पट्टीच्या सुमारे 1.1 मीटर लांबीच्या दहा ओळी, दोन ओळींत 12 सेंटिमीटर अंतर ठेवून चिकटवाव्यात. पट्टी केवळ खुणेच्या ठिकाणीच कापावी. मीटरला 10 वॅट क्षमतेची पट्टी घेतल्यास एकूण भार 110 वॅट होतो. 12 व्होल्टच्या पट्टीला त्यासाठी नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, तर 24 व्होल्टच्या पट्टीला साधारण साडेचार. प्रवाह निम्मा झाला, की तारांतील व्होल्टेजची घटही निम्मी होते. म्हणून मोठ्या पॅनेलसाठी 24 व्होल्टच योग्य. दहाही ओळी एकापुढे एक जोडल्यास शेवटची ओळ मंद पडते. त्याऐवजी जाड तारेवरून प्रत्येक ओळीला स्वतंत्र, समांतर जोडणी द्यावी. पॉवर सप्लाय 150 वॅटचा घ्यावा, म्हणजे तो सतत पूर्ण क्षमतेने राबत नाही.

पुढचा भाग दुधी ॲक्रिलिकचा असावा. पट्टी आणि ॲक्रिलिक यांतील अंतर ओळींमधील अंतराइतके, म्हणजे सुमारे 12 सेंटिमीटर ठेवल्यास दिव्यांचे ठिपके वा पट्टे दिसत नाहीत. चौकट आतून पांढरी रंगवली, की उजेड वाया जात नाही. अभ्यासाच्या खोलीला 4000 केल्विनचा, तर बैठकीला 3000 केल्विनचा उबदार प्रकाश शोभतो.

एलईडी तापत नाही, हा समज चुकीचा आहे. तिला मिळणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेतच जातो आणि ती साठत राहिली, तर दिव्यांचे आयुष्य घटते. पत्रा ही उष्णता पसरवतो. म्हणून पत्रा व छत यांत हवेसाठी फट सोडावी आणि पॉवर सप्लाय पेटीबाहेर, हवेशीर जागी बसवावा. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे डाख लवकर गंजतात. त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. आंबूस वासाचे सिलिकॉन तांब्याला खाते, ते टाळावे. चौकटीच्या कडेला फोमची पट्टी लावली, की पावसाळी किडे आत शिरत नाहीत.

खरा धोका दोन ठिकाणी असतो. पहिला वजनाचा. तीन मिलिमीटर जाडीचे एवढे ॲक्रिलिकच पाच किलोंचे भरते. पत्रा आणि चौकट त्याहून वेगळी. म्हणून पॅनेल पीओपीच्या छताला कधीही टांगू नये. स्लॅब असल्यास त्यात अँकर बसवावेत, कौलारू घरात भक्कम, वाळवी न लागलेल्या तुळईचा आधार घ्यावा. दुसरा धोका 230 व्होल्टच्या बाजूचा. पॉवर सप्लायला आणि धातूच्या चौकटीला अर्थिंग हवेच, मंडलावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

छतावर चढवण्यापूर्वी पॅनेल उभे टेकवून, मागची बाजू मोकळी ठेवून चार-पाच तास पेटते ठेवावे. मग वीज बंद करून मागच्या पत्र्यावर हात ठेवावा. चटका बसून हात मागे घ्यावा लागला, तर दिव्यांचा भार कमी करावा. जमिनीवर सापडलेला दोष मिनिटांत दुरुस्त होतो. तोच छतावर गेल्यावर शिडी, मजुरी आणि कधी अपघातही मागतो.