नव्या अध्यक्षाला मजुराचे तीन प्रश्न

सोलापूरच्या आसपासच्या दगडखाणींतली खडी आपलीच माणसे फोडतात. खाण-क्रशर मालकांच्या संघटनेत अध्यक्ष बदलला की हारतुरे होतात, आणि नव्या अध्यक्षाचे पहिले निवेदन बहुधा नियमांच्या जाचाविरुद्ध असते.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांखालील खाणींनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. २०१३ साली राज्याने गौण खनिजांचे नवे नियम केले. लहान मालकाचा खर्च आणि हेलपाटे वाढले, हे खरे आहे. पण धूळ मजुराच्या छातीत जाते आणि बिघडलेले फुफ्फुस पुन्हा धड होत नाही. मालकाला जाच वाटणारा नियम मजुराची ढाल असतो.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कागद वाचून ते थांबले नाहीत.

म्हणून बंधू-भगिनींनो, नव्या अध्यक्षाला आपण सर्वांनी मिळून विचारावे: हजेरीपटावर आमचे नाव आहे का? क्रशरवर पाणी मारता का? सुरुंगाआधी माणसे लांब नेता का? एकट्याने विचारले तर काम जाईल. पन्नास जणांनी विचारले तर उत्तर द्यावे लागेल. संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी उगीच सांगितलेले नाही.

जयभीम!