बँकेच्या दुबार नोंदी : खोडण्याआधी पडताळा



उसाचे बिल आता बँकेत जमा होते, सोसायटीची वसुलीही तिथूनच वळती होते. केंद्र सरकारने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावोगावच्या सोसायट्यांत रोजकीर्द-खतावणीच्या वह्यांची जागा संगणक घेऊ लागला आणि त्याबरोबर एक दुखणेही आले : दुबार नोंद.

हे होते कसे? बँकेच्या खातेउताऱ्याची फाईल हिशेबाच्या प्रणालीत भरली जाते. समजा, एकदा १ ते १५ तारखेची फाईल भरली आणि पुढच्या वेळी १० ते ३१ ची. मधल्या सहा दिवसांचे सगळे व्यवहार दोनदा बसले! दुसरा प्रकार जास्त चकवतो. चेक दिला त्या ३ तारखेला लेखनिकाने हाताने नोंद घातली. चेक वटला ६ तारखेला आणि तोच व्यवहार फाईलमधून पुन्हा आला. तारीख वेगळी, तपशील वेगळा, पैसा मात्र एकच.

आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. तुमच्या कर्जाची ४६,२०० रुपयांची वसुली दोनदा जमा धरली गेली तर आज बाकी कमी दिसते, बरे वाटते. पुढे लेखापरीक्षणात चूक निघते आणि ऐन पेरणीच्या तोंडावर येणे उभे राहते. उलट, ऊसबिल दिल्याची नोंद दुबार झाली तर जादा रक्कम गेल्याचे दिसून पुढच्या हप्त्यातून कपातीची भीती.

शोधताना बँकेची शिल्लक आणि दप्तरातली शिल्लक समोरासमोर ठेवावी. न वटलेले चेक हिशेबात धरून जो फरक उरेल, तेवढ्याच रकमेची नोंद आधी पाहावी. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर ५४ चे ४५ अशी अंकांची उलटापालटही असू शकते. जुन्या मुनिमांची ही युक्ती संगणकापुढेही चालते बरे का!

पण रक्कम सारखी दिसली म्हणून नोंद उडवणे आम्हाला मुळीच पसंत नाही. वाहतूकदाराला एकाच दिवशी ५०,००० ची उचल दोनदा दिलेली असू शकते. खरी ओळख व्यवहार क्रमांकाची. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षर-अंकांचा, एनईएफटीचा १६ चा, यूपीआयचा क्रमांक १२ अंकी. दोन्ही नोंदींत तो एकच असेल तर नोंद दुबार. क्रमांक वेगळे आणि बँकेच्या उताऱ्यातही पैसे दोनदा गेलेले, तर एकच बिल चुकून दोनदा दिले गेले का ते पाहावे. तसे असेल तर नोंद खोडणे म्हणजे गेलेला पैसा झाकणे. नोंद राहू द्यावी, रक्कम परत मागवावी.

खोडण्याआधी बॅकअप घ्यावा, दोन्ही नोंदींची छापील प्रत काढून सचिवांची सही घ्यावी. मागील वर्षाचे हिशेब तपासून झाले असतील तर तिथे हात लावू नये. लेखापरीक्षकांना विचारून चालू वर्षात उलट नोंद करावी.

सभासदांनी ऊसबिलाची पावती, बँकेचे पासबुक आणि सोसायटीचा खातेउतारा एकत्र घेऊन बसावे. वसुली तिन्हीकडे एकदाच आहे ना, हे पाहावे. फरक दिसला तर तोंडी सांगून भागत नाही. तारीख व क्रमांक लिहून सचिवांकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.